विहिरीत पट्टी सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी सात विहिरींची पातळी मोजून भूजलाचा नकाशा काढला आणि साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "पाणी ओढ्याकडून टेकडीकडे चाललंय, असं दाखवलं आहेस. टेकडीवर मोठा उपसा चालू आहे का?" उपसा काहीच नव्हता. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "पट्टी कुठून धरली होतीस गं?"

तीन विहिरींना कठडा होता. तिथे मी पट्टी कठड्याच्या वरच्या कडेवर धरली होती. उरलेल्या चार विहिरींवर जमिनीला टेकवून धरली होती. कठडे ८०-९० सेंटिमीटर उंच होते आणि त्या सगळ्या परिसरात पाण्याच्या पातळीतला फरकच दीड मीटरच्या आत होता. माझ्या चुकीने पाणी उलट्या दिशेला वाहायला लागलं. त्या नकाशावर विसंबून कोणी शोषखड्ड्याची जागा ठरवली असती, तर सांडपाणी थेट पिण्याच्या विहिरीच्या वाटेवर आलं असतं.

म्हणून ज्यांना आपल्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी समजून घ्यायचंय, त्यांच्यासाठी मी मोजणीपासूनच सुरुवात करते. पुस्तकातली तत्त्वं त्याच ओघात येतील.

आधी एक छोटा प्रयोग करा. काचेचा पेला कोरड्या जाडसर वाळूने काठोकाठ भरा आणि त्यात मापाने हळूहळू पाणी ओता. वाळूने भरलेल्या पेल्यातही साधारण एक तृतीयांश पेला पाणी मावतं. ते पाणी राहतं वाळूच्या कणांमधल्या फटींत. जमिनीखालचं बहुतेक पाणी असंच असतं. 'बोअरला झरा लागला' असं आपण म्हणतो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जमिनीखालची वाहती नदी येते. चुनखडीच्या गुहांमध्ये तशा नद्या खरोखर असतात, पण बाकी बहुतेक ठिकाणी पाणी फटींत, भेगांत, कणाकणांच्या मध्ये भरलेलं असतं.

आता हाच प्रयोग तळाला भोक पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात करा. भोकावर कापडाचा तुकडा ठेवा, म्हणजे वाळू निसटणार नाही. ओतलेलं सगळं पाणी खाली येत नाही. काही पाणी कणांना चिकटून बसतं. जाड वाळूत हे अडकणारं पाणी थोडं असतं. चिकणमातीत मात्र जवळजवळ सगळंच अडकतं. चिकणमातीच्या एकूण आकारमानापैकी ४० ते ६० टक्के जागा पाण्याने भरलेली असू शकते, म्हणजे वाळूपेक्षाही जास्त. तरी त्यातून विहिरीला मिळणारं पाणी अगदी किरकोळ. किती पाणी मावतं आणि किती सुटतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहिरीच्या कामाला येतं ते सुटणारं पाणी.

ज्या थरात पाणी साठतं आणि ज्यातून ते उपयोगी प्रमाणात मिळतं, त्याला जलधर म्हणतात. वाळू-रेतीचे जलधर कणांमधल्या फटींवर चालतात. ग्रॅनाइट किंवा बेसाल्टसारख्या कठीण खडकात पाणी भेगांत आणि वरच्या कुजलेल्या, मुरमाड भागात असतं. अखंड ग्रॅनाइटमध्ये फटी एक टक्काही नसतात. त्यामुळेच एका बोअरला पाणी लागतं आणि वीस पावलांवरची दुसरी कोरडी जाते. पहिल्या बोअरला भेग सापडलेली असते, दुसरीला नाही.

सुटणाऱ्या पाण्याचा हिशेब एकदा स्वतः करून बघा. एक हेक्टर जमिनीखाली भूजलपातळी १ मीटर उतरली. थर वाळूचा आहे आणि त्यातून २० टक्के पाणी सुटतं असं धरा. १०,००० चौरस मीटर गुणिले १ मीटर गुणिले ०.२० म्हणजे २,००० घनमीटर, वीस लाख लिटर. तोच थर भेगाळ खडकाचा असेल आणि २ टक्केच पाणी सुटत असेल, तर दोन लाख लिटर. पातळी तेवढीच उतरली, पण पाणी मिळालं दहावा हिस्सा.

उलट बाजूनेही बघा. पावसातलं ५० मिलिमीटर पाणी खोल मुरून भूजलापर्यंत पोचलं. वाळूत पातळी २५ सेंटिमीटर चढेल. खडकात अडीच मीटर चढेल. खडकातल्या विहिरी चार पावसांत तुडुंब होतात आणि लोकांना वाटतं, यंदा भरपूर पाणी झालं. माझा आग्रह आहे, की अशा विहिरीची चढलेली पातळी बघून वर्षभराचा उपसा ठरवू नये. ती चढते तितक्याच झपाट्याने उतरते, कारण साठा मुळातच लहान असतो.

आता मोजणी.

प्रत्येक विहिरीवर एक कायमचा मोजबिंदू ठरवा. कठडा असेल तर कठड्याच्या कडेवर, बोअर असेल तर केसिंग पाइपच्या तोंडावर, एकाच बाजूला तैलरंगाने बाण काढा. जमिनीपासून त्या बिंदूची उंची मोजून वहीत लिहा. यापुढे प्रत्येक मोजणी त्याच बाणावरून होईल, मोजणारा माणूस बदलला तरी.

पट्टी पोलादी घ्या. कापडी पट्टी ओली झाली की ताणते. टोकाला छोटं वजन बांधा आणि खालच्या दीड-दोन मीटरवर साधा निळा किंवा पांढरा खडू नीट घासा. पट्टी विहिरीत सोडा आणि एखादी पूर्ण संख्या, समजा १० मीटरची खूण, बरोबर बाणावर येईल अशी धरा. पट्टी वर ओढा. खडूचा जो भाग पाण्यात बुडाला, त्याचा रंग गडद झालेला दिसेल आणि कोरडा-ओला यांची सीमा एका रेघेसारखी स्पष्ट उमटलेली असेल. ती रेघ १.८० मीटरवर असेल, तर पाणी बाणापासून १०.०० वजा १.८० म्हणजे ८.२० मीटर खाली आहे. पट्टी पुसा, पुन्हा खडू लावा, पुन्हा मोजा. दोन्ही आकडे एका सेंटिमीटरच्या आत जुळले पाहिजेत. पाण्याला लागताच आवाज करणारी विजेची पट्टी मिळाली तर काम लवकर होतं, पण खडूची पट्टी अचूकतेत तिच्यापेक्षा कमी नाही. तिची बॅटरीही कधी संपत नाही.

पंप चालू असताना किंवा नुकताच थांबला असताना मोजू नका. किमान रात्रभर विश्रांती मिळालेल्या विहिरीची पातळी घ्या, शक्यतो पहाटे. शेजारचा पंपही बंद आहे ना, ते बघा. बोअरच्या आत वरच्या भेगेतून पाणी भिंतीवरून ठिबकत असेल तर पट्टी वरपासूनच ओली होते आणि चुकीचा आकडा मिळतो. अशा वेळी आवाजाकडे लक्ष द्या, ठिबकणं ऐकू येतं. पिण्याच्या एका विहिरीतून दुसरीकडे जाताना पट्टी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा, नाहीतर एकीतले जंतू तुम्हीच दुसरीत न्याल. आणि पट्टी अडकली, वजन तुटलं, काहीही झालं तरी विहिरीत उतरू नका. जुन्या खोल विहिरीच्या तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. उतरणारा बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरणाराही तिथेच राहतो.

आकडा मिळाला. माझी चूक मात्र याच टप्प्यावर झाली होती, म्हणून इथे थोडं थांबते.

पाणी किती खोल आहे, यावरून ते कुठे वाहतं हे कळत नाही. त्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागाची उंची लागते, तीही सगळ्या विहिरींसाठी एकाच आधारापासून मोजलेली. एका विहिरीच्या बाणाला १००.०० मीटर उंची द्या आणि बाकी बाणांची उंची त्याच्या तुलनेत काढा. लेव्हल यंत्र असेल तर उत्तम, नाहीतर मिस्त्री वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी टप्प्याटप्प्याने नेत जा. फोनवरच्या उंचीवर भिस्त ठेवू नका. तिच्यात काही मीटरची चूक सहज असते आणि आपण सेंटिमीटर शोधतोय.

समजा तीन विहिरी आहेत. 'अ'चा बाण १००.०० वर, पाणी ८.२० खाली. 'ब'चा बाण १०१.४५ वर, पाणी ९.०५ खाली. 'क'चा बाण ९८.७० वर, पाणी ७.९० खाली. नुसती खोली बघणारा म्हणेल, 'क'मध्ये पाणी सगळ्यात वर आहे आणि 'ब'मध्ये सगळ्यात खाली. आता वजाबाकी करा. 'अ' ९१.८०, 'ब' ९२.४०, 'क' ९०.८०. चित्र नेमकं उलटं झालं. पाण्याची उंची 'ब'ला सर्वांत जास्त आणि 'क'ला सर्वांत कमी आहे.

दिशा काढायला कागद घ्या, एक सेंटिमीटर बरोबर २० मीटर असं प्रमाण धरा आणि तिन्ही विहिरी जागेवर मांडा. 'ब' आणि 'क' यांत ३२० मीटर अंतर आहे, म्हणजे कागदावर १६ सेंटिमीटर. मधली उंची 'अ'ची, ९१.८०. 'ब'पासून 'क'कडे जाताना उंची एकूण १.६० मीटर उतरते. ९१.८० यायला ०.६० उतरावी लागेल. ०.६० भागिले १.६० गुणिले ३२०, म्हणजे 'ब'पासून १२० मीटर, कागदावर ६ सेंटिमीटर. तिथे ठिपका द्या आणि तो 'अ'शी जोडा. या रेषेवर सगळीकडे पाणी ९१.८० उंचीवर आहे. आता 'क'पासून या रेषेवर लंब टाका. भूजल रेषेकडून 'क'कडे, त्या लंबाच्या दिशेने वाहतं. लंब ९ सेंटिमीटर भरला, तर जमिनीवर ते १८० मीटर. १८० मीटरमध्ये १ मीटर उतार, म्हणजे ०.००५६.

हे जमतं ते तिन्ही विहिरी एकाच जलधरात असतील आणि मोजणी एकाच दिवशी झाली असेल तरच. एक उथळ विहीर आणि एक खोल बोअर एकत्र धरू नका. खोल जलधराच्या वर चिकणमातीसारखा न झिरपणारा थर असेल तर खालचं पाणी दाबाखाली असतं. बोअर त्या थरातून आरपार गेली की पाणी जिथे लागलं त्याच्याही वर चढतं, काही ठिकाणी जमिनीबाहेर उसळतं. फ्रान्समधल्या आर्त्वा प्रांतावरून अशा विहिरींना आर्टेशियन हे नाव पडलं. पॅरिसच्या ग्रेनेल भागात १८४१ साली ५४८ मीटर खोलीवर असं पाणी लागलं आणि ते आपोआप वर आलं. अशा बंदिस्त जलधरातल्या बोअरची पातळी हवेच्या दाबानेही हलते. दाब वाढला की उतरते, कमी झाला की चढते. पाऊस नाही, उपसा नाही आणि तरी आकडा काही सेंटिमीटर बदलला, तर लगेच पट्टीला दोष देऊ नका.

उतार हाती आला की पुढचा प्रश्न, पाणी किती वेगाने जातं? याचं उत्तर आपल्याला आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्यामुळे देता येतं. दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम केलेल्या या माणसाने उभ्या नळात वाळू भरून त्यातून पाणी सोडलं, वरचा आणि खालचा दाब मोजला आणि १८५६ साली आपले निष्कर्ष छापले. वाहणारं पाणी उताराच्या प्रमाणात वाढतं आणि वाळू जितकी मोकळी तितकं जास्त वाहतं, इतका साधा तो नियम. थराची जलवाहकता, म्हणजे पाणी वाहू देण्याची क्षमता, गुणिले उतार गुणिले आडवा छेद. आजही मोठमोठी संगणकीय प्रारूपं याच गुणाकारावर उभी आहेत आणि मला दर वेळी त्याचं अप्रूप वाटतं.

आपल्या उदाहरणात थर मध्यम वाळूचा आहे आणि जलवाहकता दिवसाला १० मीटर धरली. १०० मीटर रुंद आणि ५ मीटर जाड पट्ट्यातून १० गुणिले ०.००५६ गुणिले ५००, म्हणजे दिवसाला २८ घनमीटर, अठ्ठावीस हजार लिटर पाणी पुढे सरकतं. पाण्याचा स्वतःचा वेग काढायला जलवाहकता गुणिले उतार आणि भागिले पाणी वाहू देणाऱ्या फटींचं प्रमाण. १० गुणिले ०.००५६ भागिले ०.२०, म्हणजे दिवसाला २८ सेंटिमीटर. वर्षाला सुमारे १०० मीटर. तेवढ्याच उतारावर चिकणमातीत हा वेग वर्षाला मिलिमीटरभरही नसतो, तर खडकातल्या मोकळ्या भेगेत दिवसाला कित्येक मीटर असू शकतो. शोषखड्डा विहिरीपासून किती लांब हवा, याला सगळीकडे लागू पडणारा एकच आकडा का नाही, ते इथे कळतं. विहीर खड्ड्याच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, आणि मधे वाळू आहे की भेग, हे आधी बघावं लागतं.

विहीर किती पाणी देऊ शकते, हे पंप बंद केल्यावर तपासा. मोठ्या व्यासाच्या उघड्या विहिरीत पहिला तासभर पंप जोरात चालला, याचा अर्थ फारसा नसतो. तेव्हा विहिरीतलाच साठा बाहेर येत असतो. जमिनीची खरी देणगी कळते ती पाणी परत चढताना. विहिरीचा व्यास ४ मीटर असेल तर आडवा छेद सुमारे १२.६ चौरस मीटर. पंप थांबल्यावर अर्ध्या तासात पाणी २० सेंटिमीटर चढलं, तर अडीच घनमीटर आवक झाली. तासाला पाच हजार लिटर. पातळी मूळ उंचीच्या जवळ येईल तशी आवक मंदावते, म्हणून सुरुवातीला दर पाच मिनिटांनी आणि पुढे दर अर्ध्या तासाने मोजत राहा. यापेक्षा मोठा पंप बसवून जमिनीतून जास्त पाणी येत नाही. विहीर लवकर रिकामी होते, एवढंच.

अरुंद बोअरसाठी कूपर आणि जेकब या भूजलशास्त्रज्ञांनी १९४६ साली दिलेली रीत सोपी आहे. एकाच दराने उपसा चालू ठेवा आणि दहाव्या मिनिटापासून शंभराव्या मिनिटापर्यंत पातळी किती उतरली ते बघा. दिवसाला १२० घनमीटर उपसा आहे आणि पातळी १.१० मीटर उतरली, तर ०.१८३ (हा या रीतीतला ठरलेला गुणक) गुणिले १२० भागिले १.१०. उत्तर सुमारे २०. म्हणजे मीटरभर रुंद पट्ट्यातून, उतार एकास एक असता, हा थर दिवसाला २० घनमीटर पाणी वाहू देईल. हा आकडा शेकड्यांत असेल तर जलधर दणकट समजा, एक-दोन असेल तर बोअर जपून वापरा.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक गणित लक्षात ठेवावं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं असतं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० मीटर असतं. त्यामुळे पातळी अर्धा मीटर उतरवली की खारं पाणी खालून सुमारे २० मीटर वर येऊ पाहतं. ते लगेच वर येत नाही, त्याला वेळ लागतो, आणि एकदा आलं की माघारी जायलाही फार वेळ लागतो.

एकाच दिवसाच्या मोजणीने दिशा कळते. पाण्याची प्रकृती कळायला वर्षं लागतात. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मोजा आणि आलेखावर ठिपका द्या. तुलना पावसाळ्यानंतरच्या शिखराची शिखराशी आणि उन्हाळ्यातल्या तळाची तळाशी करा. दोन्ही वर्षागणिक उतरत असतील, तर पुनर्भरणापेक्षा बाहेर जाणारं पाणी जास्त आहे.

इथे चार्ल्स थाइस या अमेरिकन भूजलशास्त्रज्ञाने १९४० साली मांडलेला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विहीर खणण्याआधीही जमिनीत मुरणारं पाणी कुठेतरी बाहेर जातच होतं, झऱ्यांत, ओढ्यात, झाडांच्या मुळांत. आपण उपसलेला प्रत्येक लिटर एकतर साठ्यातून येतो, नाहीतर जास्तीच्या मुरण्यातून, नाहीतर त्या ओढ्याच्या वाट्यातून. म्हणून माझ्या वहीत पातळीच्या शेजारी एक रकाना ओढ्यासाठी असतो. 'वाहता', 'डबकी', 'कोरडा', एवढंच त्यात लिहिते. काही वर्षांनी 'कोरडा' हा शब्द आधीच्या महिन्यांत सरकू लागला, की विहिरीची पातळी ठीक दिसत असली तरी मी उपशाची चौकशी सुरू करते.

वहीत तारीख, वेळ, बाणापासूनची खोली, पाण्याची उंची, पंप किती तास बंद होता आणि पावसाची नोंद, हे रकाने ठेवा. चुकलेला आकडा खोडरबरने पुसू नका, त्यावर रेघ मारून शेजारी नवा लिहा. आणि कधी कठडा दुरुस्त झाला किंवा केसिंग कापलं, तर बाण नव्याने रंगवा, त्याची उंची पुन्हा मोजा आणि ती कोणत्या तारखेपासून बदलली, ते त्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवा.